‘गॅस’ हे निदान नाही

मी मेडिकल कोडर आहे. गाव मालवण तालुक्यात, नोकरी पुण्यात, काम अमेरिकेचं. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याचं जठर मधुमेहामुळे मंदावलं तर त्याची नोंद कशी करायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आधी ई११.४३ : टाइप टू मधुमेह आणि त्यामुळे बिघडलेल्या स्वायत्त नसा. मग के३१.८४ : गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे वाट कुठे अडलेली नसताना जठर रिकामं व्हायला लागणारा उशीर. क्रम उलटा चालत नाही. आधी कारण, मग परिणाम.

माझ्यासारखी कोकणातली बरीच पोरं हेच काम करतात. परक्या पोटांचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत ठेवतात. आणि गावी आई-बापाच्या केसपेपरवर एकच शब्द असतो : ‘गॅस’.

माझं भांडण या शब्दाशी आहे. ‘गॅस’ ही रुग्णाची तक्रार आहे. तीच डॉक्टरने निदानाच्या जागी लिहिली की तपास तिथेच संपतो.

मधुमेह म्हटलं की आपल्याला डोळे, किडनी, पाय आठवतात. पोट आठवत नाही. पण जठराला हलवणारी व्हेगस नसही वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने खराब होऊ शकते. मग ‘दोन घास खाल्ले काय पोट भरता’, ‘सकाळचा जेवाण रात्री उलटून पडला’ अशी वाक्यं घरात ऐकू येतात. प्रत्येक ढेकरामागे हाच आजार असतो असं नाही. पण जुना मधुमेह आणि अशी वाक्यं एकत्र आली, तर निदान प्रश्न तरी पडायला हवा.

कारण खरा धोका पुढे आहे. जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन आपल्या वेळेवर कामाला लागतं, जेवण मात्र अजून जठरातच. साखर आधी धाडकन उतरते आणि काही तासांनी अन्न पुढे सरकलं की चढते. घरचे म्हणतात, पथ्य पाळत नाही. डॉक्टर डोस बदलतात. पोटाचा आणि साखरेचा संबंध कागदावर आलाच नाही, तर तो दिसणार कुणाला?

माझ्या आत्येची प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल मी एकदा कोडरच्या नजरेने वाचली. चार वर्षांचे कागद, तीन डॉक्टर. एका कागदावर मधुमेह, दुसऱ्यावर गॅस, तिसऱ्यावर अशक्तपणा. एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर शेरा : जठरात अन्न शिल्लक, तपासणी पुन्हा करावी. रात्रभर उपाशी राहिलेल्या बाईच्या जठरात अन्न का उरलं, हा प्रश्न चार वर्षांत कुणीच लिहिला नाही.

औषध मात्र सगळ्या कागदांवर तेच : पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोनची कॅप्सूल. यातलं डॉम्पेरिडोन जठर हलवणारंच औषध. त्यामुळे बरं वाटतं आणि आजार त्या बरं वाटण्याखाली लपतो. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली हे औषध साधारण आठवडाभरच द्यावं असं सांगितलं. आपल्याकडे ते महिन्याच्या किराणासारखं आणलं जातं.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं : डॉक्टरांना वेळ कुठे आहे? ओपीडीची रांग मीही पाहिली आहे. म्हणूनच मी कोड मागत नाही. ‘बारा वर्षं मधुमेह, त्यामुळे जठर मंद असण्याची शक्यता’ एवढी एक ओळ मागतो. ‘गॅस’पेक्षा ती लिहायला दहा सेकंद जास्त लागतील.

दुसरं : तपासणीची सोयच नाही. जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो हे मोजणारी स्कॅनची चाचणी चार तासांची असते, ती तालुक्याच्या गावात होत नाही. मान्य. पण शक्यता लिहायला यंत्र लागत नाही. अमेरिकेत ओपीडीच्या नोंदीत ‘शक्यता’ म्हणून लिहिलेलं निदान आम्हाला कोड करता येत नाही, फक्त लक्षणं कोड करायची. बिलासाठी तो शब्द बिनकामाचा. रुग्णासाठी मात्र लाखमोलाचा, कारण मालवणहून ओरोसला आणि ओरोसहून बांबोळीला गेल्यावर पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तिसरं : हे कोडिंग-बिडिंग म्हणजे पैशाचा खेळ. बरोबर आहे, त्याच खेळावर माझा पगार होतो. तिथल्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनेत माणूस कागदावर जितका जास्त आजारी, तितके विमा कंपनीला सरकारकडून जास्त पैसे. म्हणून तिथे गुंतागुंती शोधून शोधून लिहितात. इथे लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून लिहीत नाहीत. रुग्णासाठी लिहिणारा दोन्हीकडे विरळाच.

चौथं उत्तर आपल्याच घरातून येतं : ‘डॉक्टर, डायबिटीस लिहू नका, विमा नाकारतील.’ भीती समजते. पण २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, आणि ५ वर्षं सलग हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला दावा अडवता येत नाही. लपवाछपवी हीच ती फसवणूक ठरू शकते. आणि लपवलेला आजार आधी नव्या डॉक्टरपासून लपतो, विमा कंपनीपासून नंतर.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे तेरेखोलच्या पलीकडे, आपल्यासारखंच भात-मासे खाणाऱ्या लोकांत. सिंधुदुर्गातल्या कागदांवर ‘गॅस’च राहिला, तर किती जणांची जठरं थकली आहेत हे मोजणार कुठून, आणि त्या तपासणीची सोय जवळ आणा असं म्हणणार कशाच्या जोरावर? २०२१ पासून आभा क्रमांक आले, फायली हळूहळू डिजिटल होतील. ‘गॅस’ स्कॅन केला तर १४ अंकी क्रमांकाखाली ‘गॅस’च साठणार.

तेव्हा घरातल्या मोबाइलवाल्यांनो, हे काम आपलं आहे. जाताना लिहून न्या : मधुमेह किती वर्षांचा, किती घासांत पोट भरतं, उलटीत कधीचं अन्न पडतं, साखर कधी उतरते. सगळी औषधंही लिहा, कारण साखर-वजनाची काही नवी इंजेक्शनंही जठर मंद करतात. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. रुग्ण दाखल असेल तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या नोंदी मिळायला हव्यात. मागा.

आणि केसपेपर हातात आला की केबिनमध्येच वाचा. ‘गॅस’ लिहिलं असेल तर खुर्चीवरून उठू नका. नम्रपणे विचारा, ‘कशामुळे?’ जे उत्तर मिळेल, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.