सिरियल हिट झाली, पण शहराचं काय?

सेकंड इयरची परीक्षा संपली त्या रात्री आम्ही चौघींनी होस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर 'नॅशव्हिल'चा पहिला एपिसोड लावला. कारण अर्थातच टेलर स्विफ्ट. जिथे गाणं करायचं म्हणून ती शाळेत असतानाच घरच्यांसोबत राहायला गेली, त्या शहरावर आख्खी सिरियल आहे म्हटल्यावर बघायलाच हवी ना! पहाटे मेसच्या मावशींचा भांड्यांचा आवाज सुरू झाला तेव्हा आम्ही पाचव्या एपिसोडवर होतो, आणि चौघींपैकी दोघींनी गिटार शिकायचं पक्कं केलं होतं. (शिकली कुणीच नाही. असो.)

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी राज्याची राजधानी म्हणजे नॅशव्हिल. कंट्री म्युझिकची पंढरी. ऑक्टोबर 2012 मध्ये एबीसी चॅनेलवर याच नावाची सिरियल सुरू झाली. लिहिणारी कॅली खुरी, जिला 'थेल्मा अँड लुईस'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालंय. एक चाळिशीतली, शिखरावरून घसरत चाललेली गायिका रेना आणि एक विशीतली, उद्धट, तुफान खपणारी ज्युलिएट यांची टक्कर. बाकी मग प्रेम, दारू, अपघात, राजकारण, लपवलेली बाळं वगैरे सगळं. आपल्या रात्री आठच्या मालिकांना लाजवेल असा मसाला! 2016 मध्ये एबीसीने ती बंद केली, तेव्हा चाहत्यांनी एवढा गोंधळ घातला की महिन्याभरात सीएमटी या कंट्री म्युझिकच्या चॅनेलने ती उचलली. जुलै 2018 मध्ये संपली, तोवर 124 एपिसोड झाले होते.

आता खरी गोष्ट. माझी मावसबहीण गेली दोन वर्षं नॅशव्हिलमध्ये शिकतेय. तिचं अ‍ॅडमिशन झालं तेव्हा तिच्यापेक्षा जास्त मीच नाचले होते. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला, ''ताई, तिथले लोक सिरियलबद्दल काय बोलतात गं?'' ती हसायलाच लागली. म्हणाली, तिच्या घरमालकीणबाईंना तिनेही कौतुकाने हेच विचारलं होतं. बाई जन्मापासून तिथल्याच. त्यांचं म्हणणं पडलं की गाणी छान होती, आणि त्यानंतर आम्हाला आमच्याच गावात पार्किंग मिळेनासं झालं.

मला तेव्हा रागच आला. म्हटलं, काय ही माणसं! जगभरातले लोक यांच्या शहराच्या प्रेमात पडलेत आणि यांना पार्किंगची पडलीय. पण नंतर कॉलेजच्या एका असाइनमेंटच्या निमित्ताने या शहराबद्दल वाचत गेले आणि माझं मत बदललं. आता मला वाटतं, बाईंच्या त्या एका वाक्यात सिरियलच्या सगळ्या परीक्षणांपेक्षा जास्त बातमी आहे.

मुळात नॅशव्हिल आणि कंट्री म्युझिक यांचं लव्ह मॅरेज कधीच नव्हतं. शहरातल्या बड्या मंडळींना स्वतःला 'दक्षिणेचं अथेन्स' म्हणवून घ्यायला आवडायचं. कॉलेजं, विद्यापीठं, शिवाय 1897 च्या प्रदर्शनासाठी चक्क ग्रीसच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधलेली! आणि 1925 मध्ये तिथल्या एका विमा कंपनीच्या डब्ल्यूएसएम रेडिओने शनिवारी रात्री डोंगराळ भागातल्या फिडल-बँजोवाल्यांचा कार्यक्रम सुरू केला. तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' झाला. लोकांनी तो डोक्यावर घेतला, प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. 1943 मध्ये तर राज्याच्या गव्हर्नरने ऑप्रीच्या सोहळ्याला यायला नकार दिला. या गाण्यांमुळे राज्याची बदनामी होतेय, असं त्याचं म्हणणं. पाच वर्षांनी ऑप्रीचा स्टार रॉय एकफ स्वतःच गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. हरला, पण उभा राहिला! एकेकाळी तमाशाचं नाव काढलं की आपल्याकडच्या 'चांगल्या घरांत' जे चेहरे व्हायचे ते आठवा, म्हणजे हा सीन लगेच कळेल.

पुढे पैसा दिसायला लागला आणि शहराने तेच गाणं पाटीवर लावलं. 'म्युझिक सिटी'. तरीही बाहेरच्या कुणी कॅमेरा घेऊन आलं की इथली माणसं सावध होतात. 1975 मध्ये रॉबर्ट ऑल्टमनचा 'नॅशव्हिल' सिनेमा आला. समीक्षकांनी त्याची तोंडभरून स्तुती केली, पण नॅशव्हिलच्या संगीतवाल्यांपैकी बऱ्याच जणांना तो आपली टिंगल वाटला. सगळ्यात जास्त खटकली ती गाणी. ऑल्टमनने नटांनाच स्वतःची गाणी लिहायला लावली होती. ज्या शहरात गाणं लिहिणं हा रोज सकाळी दहाला ऑफिसात बसून करायचा व्यवसाय आहे, तिथे हे म्हणजे पैठणच्या विणकरांना हौसेने विणलेलं फडकं पैठणी म्हणून दाखवण्यासारखं झालं!

2012 ची सिरियल इथे शहाणी निघाली. तिने शूटिंग नॅशव्हिलमध्येच केलं आणि गाणी तिथल्याच गीतकारांकडून घेतली. पहिल्या सीझनमधलं 'अंडरमाइन' हे गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होती केसी मसग्रेव्ह्ज. तेव्हा ती अजून मोठी स्टार झाली नव्हती. पुढे 2019 मध्ये तिच्या अल्बमला 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं. सिरियलमधली स्कार्लेट ऑस्ट्रेलियन आणि गनर इंग्लंडचा. दोघांच्या दक्षिणी बोलीत खोट काढणारे निघालेच. (परभणीची बोली पुण्याच्या नटाने बोलली की आपण काय करतो?) पण दोघं गायला लागले की तक्रार थांबायची. शहराने मसाला माफ केला तो गाण्यांमुळे, असं मला वाटतं.

आणखी दोन गोष्टींसाठी मी या सिरियलला फुल मार्क देईन. एक, तिच्या केंद्रस्थानी दोन बायका होत्या. त्या काळात कंट्री रेडिओवर पिकअप ट्रक, बीअर आणि घट्ट जीन्समधल्या मुली एवढंच गाणाऱ्या पोरांची चलती होती. 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागाराने उघडपणे सांगितलं की गायिकांची गाणी कमी वाजवा, त्या सॅलडमधल्या टोमॅटोसारख्या असतात. म्हणजे पुरुष गायक हे सॅलड, आणि आपण वरची सजावट! त्याच वर्षी टीव्हीवर मात्र रेना स्वतःची रेकॉर्ड कंपनी चालवत होती. दोन, विल लेक्सिंग्टन. आपण गे आहोत हे लपवत जगणारा काउबॉय गायक. हे पात्र आलं तेव्हा अनेकांना ते ओढूनताणून वाटलं असेल. पण नोव्हेंबर 2014 मध्ये टाय हर्नडन आणि बिली गिलमन या दोन खऱ्याखुऱ्या कंट्री गायकांनी एकाच दिवशी आपण गे असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ती गोष्ट हवेतून आलेली नव्हती.

पण 'स्थानिकांचं मत' म्हणजे कुणा एकाचं मत नसतं. सिरियल बघताना आम्हा चौघींच्या लक्षातही आलं नाही की पडद्यावरचं हे शहर जवळजवळ सगळं गोरं आहे. खरं नॅशव्हिल तसं नाही. तिथल्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे ज्युबिली सिंगर्स 1871 मध्येच दौऱ्यावर निघाले होते. रेडिओ यायच्या पन्नास वर्षं आधी नॅशव्हिलचं गाणं जगाने ऐकलं ते त्यांच्याकडून. ऑप्रीच्या सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांपैकी एक, डीफर्ड बेली, हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. 1941 मध्ये त्याला काढून टाकलं. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला 2005 उजाडलं, तोवर त्याला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती. जेफरसन स्ट्रीटवर एकेकाळी क्लबांची रांग होती, तरुण जिमी हेंड्रिक्स तिथे वाजवायचा. साठच्या दशकाच्या शेवटी त्या वस्तीच्या मधोमध हायवे काढला गेला आणि क्लब गेले. या गल्लीतल्या माणसाला सिरियलबद्दल विचारलं तर तो पार्किंगबद्दल बोलणार नाही. तो विचारेल, यात आम्ही कुठे आहोत?

आता त्या पार्किंगकडे येऊ. जानेवारी 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की सध्या चर्चा आहे ती याच शहराची. 2010 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती, 2020 मध्ये ती 6 लाख 89 हजारांवर गेली. याला एकटी सिरियल जबाबदार नाही, हे कबूल. हॉस्पिटल कंपन्या, विद्यापीठं, नोकऱ्या, सगळंच वाढत होतं. पण शहराचं पोस्टर बनवलं ते सिरियलने. आणि ते पोस्टर बघून आलेली गर्दी ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावर भिडली. मैत्रिणीचं लग्न ठरलं की गुलाबी टोप्या घालून दंगा करायला येणारे मुलींचे ग्रुप, पेडल मारत आणि बीअर पीत फिरायच्या बारगाड्या, तीन-तीन मजली बार. त्या बारमध्ये दुपारपासून रात्री उशिरापर्यंत वाजवणाऱ्या कलाकारांची कमाई मात्र बरीचशी टिप्सच्या बादलीवर अवलंबून.

ब्लूबर्ड कॅफेचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. सिरियलमध्ये जिथे सगळे येऊन गातात ती जागा. खऱ्या आयुष्यात ते 1982 मध्ये सुरू झालेलं, साध्या दुकानांच्या ओळीतलं, जेमतेम नव्वद खुर्च्यांचं हॉटेल. चार गीतकार मधे गोल करून बसतात, आपापलं गाणं गातात आणि ते कसं सुचलं ते सांगतात. श्रोत्यांनी गप्प बसायचं, हा तिथला नियम. सिरियलवाल्यांनी त्याचा हुबेहूब सेट उभारला. त्यानंतर खऱ्या दारापुढे पर्यटकांच्या रांगा लागल्या. ताई सांगते, ऑनलाइन बुकिंग सुरू झालं की काही मिनिटांत संपतं. प्रसिद्धी मिळाली, छानच झालं. पण संध्याकाळी सहज डोकावणाऱ्या शेजाऱ्याची खुर्ची गेली ती गेलीच.

आणि त्या गोलात बसणाऱ्या गीतकाराचं काय? पूर्वी सीडीवर बारा गाणी असायची. हिट एकच झालं तरी विकल्या गेलेल्या प्रत्येक सीडीमागे बाराही गीतकारांना पैसे मिळायचे. स्ट्रीमिंगमध्ये लोक हिट गाणं ऐकतात, उरलेल्या अकराजणांच्या हातात चिल्लर पडते. कमाई घटली, भाडी वाढली. ज्या म्युझिक रो भागातल्या जुन्या बंगल्यांमध्ये ही गाणी लिहिली गेली, ते पाडून अपार्टमेंट उभी राहू लागली. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने म्युझिक रोला सर्वाधिक धोक्यातल्या अकरा जागांच्या यादीत टाकलं. म्हणजे गंमत बघा. जगाला नॅशव्हिल आवडलं ते गिटार घेऊन आलेल्या, खिसा रिकामा असलेल्या पोरापोरींच्या गोष्टीमुळे, आणि आता तशा पोरापोरींना त्या शहरात खोली परवडणं अवघड झालंय.

यावर लोक म्हणतील, मग सिरियल करूच नये का? पर्यटक आले म्हणून हॉटेलं चालली, टॅक्सीवाल्यांना धंदा मिळाला, शेकडो तंत्रज्ञांना सहा वर्षं काम मिळालं. अगदी खरं. मी काही सिरियल बंद पाडायला निघालेली नाही (पुन्हा लावली तर पुन्हा बघेन). पण शूटिंग शहरातच राहावं म्हणून राज्य सरकार आणि महापालिकेने निर्मात्यांना लाखो डॉलरचं अनुदान दिलं होतं. तो पैसा घरमालकीणबाईंसारख्यांच्या करातून आला. मग त्यांच्या मताला 'कुरकुर' म्हणून उडवून लावायचं कसं? जाहिरातीवर खर्च करता येतो, तर त्या जाहिरातीत ज्याचा चेहरा वापरला त्या गीतकाराच्या घरभाड्याचा, जेफरसन स्ट्रीटचा आणि म्युझिक रोच्या बंगल्यांचा विचारही त्याच बजेटमध्ये व्हायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि बोलल्याने फरक पडतो. 2014 मध्ये आरसीएचा ऐतिहासिक स्टुडिओ ए पाडला जाणार होता. तिथे भाड्याने असलेल्या बेन फोल्ड्स या संगीतकाराने जाहीर पत्र लिहिलं, कलाकार आणि रहिवासी जमले, आवाज वाढला. शेवटी वारसा जपणाऱ्या एका स्थानिक माणसाने पुढाकार घेऊन ती इमारत विकत घेतली. स्टुडिओ आजही उभा आहे.

पत्रकारिता शिकताना आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, जागेवर जा, तिथल्या माणसाशी बोला. मी 124 एपिसोड बघून समजत होते की मला नॅशव्हिल कळलंय. ताईने घरमालकीणबाईंना एकच प्रश्न विचारला आणि तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळलं. गेल्या महिन्यात तिला अखेर ब्लूबर्डमध्ये जागा मिळाली. मी म्हटलं, व्हिडिओ पाठव. ती म्हणाली, ''अगं, समोर माणूस गात होता. ऐकत बसले, मोबाइल काढलाच नाही.''

मी पहिल्यांदाच तिच्यावर चिडले नाही.