कमिशनच्या लिंकसाठी नोंदणी करताय? योजनेचे खाते आणि आधार सांभाळा

वस्तूची लिंक ओळखीच्यांना पाठवायची आणि कोणी त्या लिंकवरून खरेदी केली की कमिशन मिळवायचे, याला अ‍ॅफिलिएट प्रोग्राम म्हणतात. मोठ्या ऑनलाइन दुकानांचे असे प्रोग्राम खरे असतात. घरबसल्या थोडी कमाई करण्याचा तो वैध मार्ग आहे. मात्र नोंदणी करताना मोबाईल क्रमांक, पॅन, बँक खाते आणि काही ठिकाणी आधारही मागितले जाते. योजनेचे पैसेही याच माहितीच्या आधारे आपल्यापर्यंत पोहोचतात. म्हणून लाभार्थ्याने ही माहिती देताना इतरांपेक्षा जास्त काळजी घेणे गरजेचे आहे.

लाभार्थ्याला धोका जास्त का?

पीएम-किसानचा 2,000 रुपयांचा हप्ता असो, गॅसचे अनुदान असो किंवा महाराष्ट्रातील लाडकी बहीण योजनेची रक्कम असो, थेट लाभ हस्तांतरणात, म्हणजे डीबीटीमध्ये, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. आपली बचत खाती अनेक असू शकतात. पण नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यादीत एका आधारमागे एकाच बँकेची नोंद असते. नव्या बँकेत डीबीटीसाठी संमती दिली की जुन्या बँकेची नोंद बदलते आणि पुढचा हप्ता नव्या खात्यात जातो.

2017 मध्ये असेच घडले होते. मोबाईल सिमची आधार पडताळणी करताना अनेक ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. त्यासाठी त्यांची स्पष्ट संमती घेतली गेली नव्हती. गॅसचे अनुदान त्या नव्या खात्यांत जमा होऊ लागले. डिसेंबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने या कंपनीची आधार ई-केवायसीची परवानगी तात्पुरती थांबवली. मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला 5 कोटी रुपयांचा दंड केला. यातून एक गोष्ट स्पष्ट होते : आधारचा ओटीपी किंवा अंगठा देताना तो कशासाठी दिला जातो आहे, हे आधी वाचले पाहिजे. "कमिशन जमा करण्यासाठी नवे खाते लगेच उघडा" असे सांगणाऱ्या अ‍ॅपवर तर हे हमखास पाहावे.

दुसरा धोका खाते गोठण्याचा आहे. "तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे कमिशन ठेवून बाकी पुढे पाठवा" असे सांगितले जात असेल, तर तो अ‍ॅफिलिएट प्रोग्राम नाही. फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी आपले खाते वापरले जात आहे. तक्रार झाल्यावर बँक त्या खात्याचे व्यवहार थांबवू शकते. योजनेचे पैसे त्याच खात्यात येत असतील, तर तेही अडकतात आणि चौकशीला आपल्याला सामोरे जावे लागते.

कोणती माहिती द्यावी, कोणती देऊ नये?

- पॅन : खरा प्रोग्राम पॅन मागतो, कारण कमिशन हे उत्पन्न आहे. सध्याच्या नियमानुसार आर्थिक वर्षात कमिशन 20,000 रुपयांपुढे गेले की साधारणपणे 2 टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिले नसेल तर ही कपात 20 टक्के होते.
- बँक खाते : खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पुरेसा असतो. एटीएम कार्डाचा क्रमांक, त्यामागील तीन अंक, यूपीआय पिन किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड पैसे मिळण्यासाठी कधीच लागत नाही.
- आधार : पॅन दिल्यावर आधारचा आग्रह धरला, तर कारण विचारा. देणे भागच असेल तर मास्क केलेले आधार द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आधारचा ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका.
- फोनमधील परवानग्या : लिंक पाठवण्यासाठी अ‍ॅपला आपले एसएमएस, संपर्क यादी किंवा फोटो वाचण्याची गरज नसते. एसएमएस वाचणाऱ्या अ‍ॅपला बँकेचे ओटीपीही दिसतात.
- नोंदणी शुल्क : आधी पैसे भरायला सांगणाऱ्या प्रोग्रामपासून दूर राहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका.

आपले पॅन दुसऱ्याला वापरू देऊ नका

"तुझ्या पॅनवर नोंदणी करू, महिन्याला ठरावीक रक्कम देतो" असा प्रस्ताव आला, तर नकार द्या. त्या व्यक्तीची सारी कमाई आयकर विभागाकडे आपल्या नावावर दिसते. अनेक योजनांची पात्रता उत्पन्नावर ठरते. पीएम-किसानमध्ये मागील वर्षी आयकर भरलेल्या व्यक्तीचे कुटुंब अपात्र ठरते. दुसऱ्याच्या कमाईमुळे आपला हक्क धोक्यात येऊ शकतो. आपल्या पॅनवर कोणते उत्पन्न नोंदले आहे, हे आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती विवरणात पाहता येते.

कायद्याचे संरक्षण किती?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्यासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीला आपली संमती लागू होते. कायद्यातच उदाहरण आहे : दूरवैद्यक सेवेच्या अ‍ॅपने संपर्क यादी मागितली आणि आपण होकार दिला, तरी उपचारासाठी ती यादी आवश्यक नसल्याने तो होकार तिला लागू होत नाही. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही कायद्यात आहे.

पण कंपन्यांवरील मुख्य बंधने नियम आल्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, लागू होणार आहेत. शिवाय खोट्या नावाने चालणारे अ‍ॅप कायद्याला जुमानत नाही. त्यामुळे कायदा असला तरी पहिली खबरदारी आपल्यालाच घ्यावी लागते.

खाते वेगळे ठेवा

कमिशनसाठी दुसऱ्या बँकेत साधे बचत खाते उघडणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. अर्ज भरताना "या खात्यात डीबीटीचे पैसे मिळावेत" अशा अर्थाच्या रकान्यावर खूण करू नका. या खात्यात मोठी शिल्लक ठेवू नका. नोंदणीनंतर माय-आधार पोर्टलवर "बँक सीडिंग स्टेटस" पाहा. तिथे आपली जुनीच बँक दिसली पाहिजे.

माहिती आधीच दिली असेल तर?

1. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.
2. बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.
3. डीबीटीची बँक बदललेली दिसली, तर जुन्या बँकेत जाऊन आधार पुन्हा जोडण्याचा अर्ज द्या.
4. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. आधारविषयी मदतीसाठी 1947 हा क्रमांक आहे.
5. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा आणि अनोळखी क्रमांक कळवा.

नोंदणीच्या प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न विचारा : मला कमिशन देण्यासाठी यांना ही माहिती खरोखर लागते का? उत्तर "नाही" असेल तर तो रकाना भरू नका. त्याशिवाय अर्ज पुढे जात नसेल, तर अर्जच सोडून द्या.