चौथऱ्याच्या दोन बाजू

दिवाळीत घर माणसांनी भरले की दोन गोष्टी हमखास घडतात. चिवडा लवकर संपतो आणि वाद लवकर संपत नाही. तरुण मंडळी म्हणतात, “म्हाताऱ्यांना न्यायाची चाडच नाही.” म्हातारी मंडळी म्हणतात, “या पोरांना धरबंदच उरला नाही.” नीती आपल्याच पदरी बांधलेली आहे आणि समोरचा तिला मुकला आहे, अशी दोघांचीही खात्री असते. वाचकहो, आज या खात्रीचाच थोडा विचार करू.

शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून प्रसिद्ध. तेथील शनीच्या चौथऱ्यावर मात्र स्त्रियांनी चढू नये, अशी रूढी होती. नोव्हेंबर 2015 मध्ये एक तरुणी चढून गेली, तेव्हा दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली. आंदोलन पेटले. जानेवारी 2016 मध्ये देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री आली आणि तिनेही परंपरेचीच बाजू घेतली! म्हणजे हा झगडा नुसता बाई विरुद्ध पुरुष असा नव्हता. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांना अडवता येणार नाही असे स्पष्ट केले, आणि 8 एप्रिल 2016 रोजी, पाडव्याच्या दिवशी, चौथरा सर्वांना खुला झाला.

त्या पाडव्याला मी गेवराईस मावशीकडे होतो. गोदाकाठचे राक्षसभुवन याच तालुक्यातले. 1763 साली माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, ते हेच गाव. तेथे शनीचे देऊळ आहे, त्यामुळे शनी हा मावशीला परका देव नव्हे. तिची नात तेव्हा वकिलीचा अभ्यास करीत होती.

“आजी, अखेर दार उघडलं बघ!” ती म्हणाली.

“दार नव्हतंच गं माय. मर्यादा होती. ती मोडली.”

“मर्यादा फक्त बायकांनीच पाळायची?”

“देवघरात तू चप्पल घालून येतेस का? नाही ना? काही जागा निराळ्या राखाव्या लागतात. सगळंच सारखं झालं, तर हात जोडायचे कुठं?”

नातीने 1956 चा मंदिरप्रवेशाचा कायदा सांगितला. मावशीने जपमाळ पुढे ओढली. दोघीही शहाण्या, दोघीही प्रेमळ; पण एकीचे बोलणे दुसरीच्या कानापर्यंत जाईना.

असे का होते? रिचर्ड श्वेडर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह भुवनेश्वर आणि शिकागो येथील लोकांना काही प्रसंग सांगून त्यांचे मत विचारले. हा अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. त्यात एक प्रसंग होता: वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापून घेतले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोकरांना यात गैर काही दिसेना. भुवनेश्वरकरांना मात्र हे घोर पाप वाटले. आपल्यापैकी कितीजणांच्या पोटात आत्ता हे वाचून कालवले असेल!

पुढे जोनाथन हाइट हा अमेरिकन अभ्यासक 1993 साली भुवनेश्वरला तीन महिने राहिला. त्याच्या मते मन निवाडा आधी देते आणि बुद्धी मागाहून त्याची वकिली करते. निवाड्याचे आधारही अनेक असतात: दुसऱ्याची कळकळ, न्याय, स्वातंत्र्य, आपल्या माणसांशी निष्ठा, वडीलधाऱ्यांचा मान, पावित्र्य. उदारमतवादी माणूस मुख्यतः पहिल्या काहींवर भार देतो, परंपरावादी सगळ्यांवर. नात विचारत होती, “अन्याय कुणावर?” मावशी विचारत होती, “पवित्र काय उरलं?” सगळ्याच अभ्यासकांना हे पटलेले नाही. कर्ट ग्रे म्हणतात, दोन्ही पक्षांना भय असते ते कुणाला तरी इजा होण्याचेच; ती कुणाला होते, याबद्दल मात्र मतभेद असतो.

परंतु मावशीला नीती आहे, एवढ्यावरून मावशीचे बरोबर ठरते का? येथे सावध राहायला हवे. याच पावित्र्याच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यांना देवळाबाहेर उभे केले गेले. ते दार उघडण्यासाठी साने गुरुजी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. गुरुजी स्वतः भक्तिभावाने भरलेले. परंपरेच्या पोटात राहून, विठोबाचे लेकरू म्हणून ते बोलले. म्हणूनच कायद्याचे कलम जेथे पोचले नसते, तेथे त्यांचे शब्द पोचले.

नातीने रात्री जेवणानंतर नेमके तेच विचारले. “आजी, पंढरीचं देऊळ सगळ्यांना उघडलं, तेव्हा काय झालं गं?”

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्या वडिलांनी वारी सोडली होती. म्हणाले, देव बाटला. दोन वर्षांनी राहवेना, गेले. येऊन म्हणाले, विठोबा होता तसाच आहे.” आणि आणखी थोड्या वेळाने: “मी काही त्या चौथऱ्यावर चढायची नाही. पण तू चढलीस, तर तुला बोल लावणार नाही.”

सकाळपासून कायद्याने जे साधले नव्हते, ते एका प्रश्नाने साधले. फाइनबर्ग आणि विलर यांनी 2015 मध्ये हेच दाखवून दिले: समोरच्याला जे मोलाचे वाटते त्याच्या आधाराने बोलले, तर पटण्याचा संभव वाढतो. आपण मात्र बहुधा स्वतःला पटणारा मुद्दाच अधिक मोठ्या आवाजात सांगतो.

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती वाद जरूर घाला. फक्त मनात दोन प्रश्न ठेवा. नव्याचा कैवार घेणाऱ्याने विचारावे: या माणसाला काय जपायचे आहे? जुने राखणाऱ्याने विचारावे: माझ्या जपण्याची किंमत कोण मोजतो आहे? ती नेहमी दुसराच मोजत असेल, तर त्या पावित्र्याची एकदा नीट तपासणी करायलाच हवी.