संत्र्याची साल आणि तणावाची ग्रंथी

अकोल्याहून एका भगिनीने विचारले आहे, 'सासूबाईंना ब्लडप्रेशरचा त्रास आहे. कुणीतरी सांगितले म्हणून त्या संत्र्याची वाळवलेली साल कुटून रोज सकाळी पाण्यातून घेतात. सालीने तणावाचे हार्मोन कमी होते, मग गोळी कशाला, असे म्हणून त्यांनी गोळ्याही सोडल्या आहेत. यात काही तथ्य आहे का?'

तथ्य आहे, पण ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतले.

आधी ही ग्रंथी ओळखून घेऊ. बकरी ईदला गुर्दे साफ करताना आजूबाजूच्या चरबीत घेवड्याच्या बीसारखी एक घट्ट गाठ हाताला लागते, तीच ही. मराठीत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टर अॅड्रिनल म्हणतात. माणसाला अशा दोन असतात, प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅमची. संत्र्यासारखीच तिलाही साल आणि गर असतो. बाहेरच्या सालीतून कॉर्टिसॉल येते, आतल्या गरातून अॅड्रिनॅलिन. कुत्रा अंगावर धावला की छाती धडधडते, तळहात गार पडतात, ते या गराचे काम. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास अॅड्रिनॅलिन शुद्ध रूपात वेगळे केले.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून या गरापर्यंत पोहोचतो. तंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, पेशीची दारे उघडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरते आणि पेशीत साठवलेल्या अॅड्रिनॅलिनच्या पुड्या रक्तात रिकाम्या होतात. वनस्पतींतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये याच दारांशी अडसर घालतात, असे प्रयोगांत दिसले. द्राक्षात आणि शेंगदाण्याच्या लाल टरफलात असलेले रेझ्वेराट्रॉल कोरियातल्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास उंदरांच्या ग्रंथीवर तपासले. अॅड्रिनॅलिनचे सुटणे घटले.

आता आपल्या वरूड-मोर्शीच्या संत्र्याकडे येऊ. संत्रावर्गीय फळांच्या सालीत नोबिलेटिन असते. जपानमध्ये २०१० च्या सुमारास ते गुरांच्या अधिवृक्क पेशींवर घालून पाहिले गेले. गंमत अशी की, अॅसिटिलकोलीनने चेतवलेल्या पेशींना त्याने आवरले, पण शांत बसलेल्या पेशींना उलट थोडे डिवचले. एकच द्रव्य, दोन्ही बाजूंची कामे! 'साल तणाव घटवते' असे सांगणारा माणूस यातली अर्धीच गोष्ट सांगत असतो.

शिवाय त्या पेशींवर द्रव्य थेट ओतलेले होते. आपण गिळलेली पावडर आतड्यातून आणि यकृतातून जाते, वाटेत तिचे रूप बरेच बदलते. ग्रंथीपर्यंत किती पोहोचेल, हे चमच्याच्या मापाने ठरत नाही. उंदराच्या किंवा गुरांच्या पेशीवरून सासूबाईंच्या रक्तदाबाचा हिशोब मांडता येत नाही.

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की खुशाल खा, सोलून, फोडीवरच्या पांढऱ्या धाग्यांसकट. मधुमेह असेल तर रस काढण्यापेक्षा फळच खावे. साल वापरायची असेल तर फवारणीचा अंश तिच्यावरच राहतो हे ध्यानात ठेवून नीट धुवावी. चवीपुरती चिमूटभर साल घालायला माझी हरकत नाही, दवा म्हणून मात्र आहे.

गोळी सोडण्याचा मामला वेगळा आहे. अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या गोळ्या अॅड्रिनॅलिनचा हृदयावरचा परिणाम रोखतात. त्या एकदम बंद केल्या तर हृदयाचे ठोके आणि दाब उसळतात, हृदयविकार असेल तर छातीतले दुखणे बळावते. दमा किंवा सांधेदुखीसाठी महिनोन् महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका याहून मोठा. बाहेरून तयार माल मिळत असल्याने ग्रंथीची साल कॉर्टिसॉल बनवणे जवळपास थांबवते. अशा वेळी गोळी अचानक सोडली तर उलट्या होतात, चक्कर येते, दाब कोसळतो, जीवावरही बेतते. झोपलेली ग्रंथी जागी व्हायला कधी कधी कित्येक महिने लागतात, म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.

तेव्हा भगिनी, सासूबाईंचा दाब याच आठवड्यात मोजून घ्या. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र चालेल, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालयही आहे. जाताना सोडलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि सालीच्या पावडरची बाटली दोन्ही सोबत न्या. गोळी पुन्हा कोणत्या मात्रेने सुरू करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या, जुन्या चिठ्ठीवरून घरी ठरवू नका. आणि मध्येच छातीत दुखले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच क्षणी १०८ ला फोन लावा.