श्वासाचीही तयारी हवी

नोव्हेंबर उजाडला की आपल्या बेटावर वादळांचा हंगाम सुरू होतो, तो थेट मेच्या मध्यापर्यंत. पहिला इशारा मिळताच आपण घरोघर कामाला लागतो. पिंपे पाण्याने भरतो, मेणबत्त्या व रेडिओचे सेल आणतो, खिडक्या बंदोबस्ताने लावतो. परंतु त्या रात्री काळोखात थरथरणाऱ्या लेकरासाठी कोणती तयारी करतो? बहुतेक घरांत काहीच नाही.

१५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पुराने पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून नेल्या. त्यानंतर बरेच दिवस, छपरावर पावसाची जोराची सर आली की वर्गातील काही मुलांचे हात गार पडत आणि लिहिणे थांबे. "घाबरतोस काय एवढा? काही होत नाही," असे आम्ही शिक्षकही प्रथम म्हणालो. त्याने भीती गेली नाही. मुले ती लपवायला मात्र शिकली.

भीती हा हट्ट नव्हे, तो देहाचा धर्म आहे. धोका जाणवताच अॅड्रिनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, श्वास उथळ व जलद होतो. अशा वेळी उपदेश कानापर्यंत पोचतो, मनापर्यंत नाही. हृदयाला हुकूम देऊन शांत करता येत नाही. श्वास मात्र आपल्या हाती असतो. सोडलेला श्वास लांबला की व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम शास्त्राच्या कसोटीवर तपासण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासूनच आरंभले होते.

कृती सोपी आहे. मुलाच्या शेजारी पाठ भिंतीला टेकून बसावे, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत. चार अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा. सहा अंक मोजेपर्यंत, गरम चहावर फुंकर घालावी तसा, सावकाश सोडावा. असे दहा वेळा. श्वास कोंडू नये, भराभर खोलही घेऊ नये. त्याने उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मग मुलाला विचारावे: दिसणाऱ्या पाच वस्तू सांग, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, तोंडातली एक चव. दिवे गेले असतील तर स्पर्शापासून आरंभ करावा. "पुढे काय होईल" या विचारात भरकटलेले मन त्यामुळे बसल्या जागी परत येते.

हे आपल्याला अगदीच परके नाही. १९६० चे कॅरोल किंवा १९७५ चे जर्व्हेझ ज्यांनी लहानपणी अनुभवले, त्यांतील कित्येकांना आठवेल, घरातील आजी सर्वांना जवळ बसवून आरती म्हणायला लावीत असे. ओळ पुरी करायची तर श्वास लांब सोडावाच लागतो, आणि टाळीच्या ठेक्याने हातही भानावर राहतात. तिची ती श्रद्धा होती. तोच उपायही होता.

मात्र वारा सुटल्यावर खिळे ठोकता येत नाहीत. ज्या मुलाने हा अभ्यास शांत दिवशी केलेला नाही, त्याला तो वादळात साधणार नाही. म्हणून आमची विनंती आहे की शाळांनी सकाळी पाच मिनिटे आणि गावोगावच्या बैठकांनी वर्गाच्या आरंभी पाच मिनिटे यासाठी द्यावीत. घरी आईवडिलांनी झोपण्यापूर्वी मुलासोबत स्वतःही करावे. सहावीच्या परीक्षेच्या सकाळीही हीच शिदोरी कामी येईल.

हे औषध नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, शाळा टाळत असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे न्यावे.

पुढचे वादळ केव्हा येईल ते आपल्या हाती नाही. आपले मूल त्या रात्री एकटे घाबरणार नाही, एवढे मात्र आहे.