स्नेह आणि यंत्र

संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेल आणि ‘स्नेह’ म्हणजेच ममता. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. परंतु दोन्ही अर्थ एकाच वेळी प्रत्ययास आले ते गेल्या महिन्यात, मोटारीखाली उताणे निजलो असता.

आमच्या कै. वडील बंधूंनी १९९९ साली घेतलेली मारुती ८०० अद्याप घरात आहे. तिचे तेल ते स्वहस्ते बदलीत व तारीख एका वहीत टिपून ठेवीत. त्यांच्या पश्चात वही तशीच राहिली. हे काम आता आपण करावे, असे आमच्या मनाने घेतले.

तेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा कीस आपल्या अंगी धरून ठेवते. म्हणून त्याचा काळेपणा हा दोष नव्हे, ती चाकरीची खूण होय. गाडी फारशी फिरली नाही तरी ओलावा व न जळलेले इंधन मिसळून तेल निकस होते; यास्तव किलोमीटरांबरोबर महिनेही मोजावेत.

इंजिन किंचित तापवून बंद करावे. कोमट तेल सहज वाहते. सपाट जागा पाहून, हातब्रेक ओढून, चाकांना पाचर लावावी. केवळ जॅकवर किंवा विटांच्या उतरंडीवर तोललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. भक्कम लोखंडी स्टँड हवेतच. घमेल्यात तेल निथळले की बोल्टास नवे वायसर घालून तो बसवावा, नव्या फिल्टरच्या रबरी कड्यास तेलाचे बोट लावून तो हाताने आवळावा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल नरसाळ्याने ओतावे.

हे सर्व आम्ही यथासांग केले आणि इंजिन सुरू केले. तोच सूनबाई ओरडल्या, ‘‘मामंजी, बंद करा!’’ खाली तेलाचा ओघळ लागला होता. जुन्या फिल्टरचे कडे इंजिनासच चिकटून राहिले होते व त्यावरच आम्ही नवे चढविले होते. क्षणभर विलंब होता तर बंधूंची गाडी आमच्याच हातून कायमची जखडली असती. जन्मभर मुलांच्या वह्या तपासणाऱ्याने स्वतःचे काम मात्र तपासले नव्हते! सूनबाईंनी विजेरी धरून ते कडे काढले, फिल्टर पुन्हा बसविला आणि सांडले तितके तेल भरले. मग इंजिन थोडे चालवून बंद केले व काही मिनिटांनी पट्टीवर तेलाची पातळी पाहिली.

जुने तेल गटारात ओतू नये, की वाळवीसाठी लाकडास फासू नये. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात गणले आहे. रिकाम्या डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेस पाठविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

सायंकाळी वही उघडली. बंधूंच्या वळणदार अक्षराखाली आम्ही तारीख व किलोमीटर लिहिले, आणि कड्याची चूकही लिहिली. पुढची नोंद सूनबाई करणार आहेत. पाना धरण्याचे काम आमचे.