रसिकांचा समाज आणि ध्वनिफितींची मालकी

इंटरनेटमुळे शास्त्रोक्त संगीताचा रसिकसमाज विस्कटला, मैफिलीतील संवाद जाऊन त्या जागी विखुरलेली गर्दी आली, ही तक्रार मराठी संगीतविचारात आता सिद्धान्ताच्या थाटात मांडली जाते. यंत्रापूर्वी एक निर्भेळ, समोरासमोरचा रसिकसमाज होता आणि तो कालपरवापर्यंत टिकून होता, हे तिच्यामागील गृहीतक इतिहासाला धरून नाही. गौहरजानचे गाणे १९०२ साली तबकडीवर उतरले, तेव्हापासूनच गायकाला कधीही न पाहिलेला, तीनेक मिनिटांत ख्याल ऐकणारा श्रोता या समाजाचा घटक झाला. पुढे रेडिओ आला, कॅसेट आली. मग बिघाडाचा आरंभ नेमका इंटरनेटपासूनच का मोजायचा?

खरे दुखणे प्रतिष्ठेचे आहे. खासगी बैठकींच्या ध्वनिफिती जमवणारा संग्राहक हा कॅसेटयुगातील सत्ताधीश होता. प्रत कोणाला द्यायची आणि कोणाला नुसतीच ऐकवायची, हे तो ठरवी. ज्यांना दिवाणखान्यात बोलावणेच जात नसे, त्यांच्या रसिकत्वाची दखल समीक्षेने क्वचितच घेतली. ('सहृदय' या संज्ञेची एवढी चर्चा झाली, सहृदयाला आमंत्रण कोण धाडतो, हा प्रश्न मात्र तीत येत नाही.) कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर दोघेही १९९२ साली गेले. त्यानंतर जन्मलेला लातूरचा किंवा टोरांटोचा श्रोता आज त्यांच्या बैठकी ऐकतो, आणि अनोळखी श्रोत्यांच्या साहाय्याने बैठकीचे साल, तबलजीचे नाव, अनवट रागाची ओळख निश्चित करू पाहतो. ही पाठचिकित्साच आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांवर ती झाली की तिला संशोधन म्हणतात. येथे तिला हौस म्हटले जाते.

मात्र या समाजाला लोकशाहीचे प्रशस्तिपत्र देणारेही तितकेच उतावळे आहेत. २००५ साली सुरू झालेले यूट्यूब २००६ मध्ये गूगलने विकत घेतले, आणि या श्रोत्यांचा मोठा ठेवा तेथेच साठलेला आहे. हक्कभंगाच्या तक्रारींवरून एखादे खाते बंद झाले, की ध्वनिमुद्रणांबरोबर श्रोत्यांनी मिळून जुळवलेली माहितीही नाहीशी होते. संग्राहकाशी निदान भांडता तरी येत असे. शिवाय खासगी बैठकीचे ध्वनिमुद्रण असे जगभर वाजावे का, हे गायकाच्या वारसांना आणि साथीदारांना संग्राहकाने विचारले नव्हते; नवा श्रोताही सहसा विचारत नाही. या नोंदी उतरवून ठेवणे आणि ही संमती मिळवणे, ही दोन्ही कामे विद्यापीठांच्या आवाक्यातील आहेत. मैफिलीचा शोक करणाऱ्यांनी त्यांपैकी एकाचीही मागणी केलेली दिसत नाही.